डीएनएची नक्कल रोखणारी औषधे आणि त्वचेच्या पेशींची पक्वता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेथोट्रेक्सेट, फ्लोरोयुरॅसिल, हायड्रॉक्सीयुरिया, सायटारॅबिन ही नावे बहुतेकांनी कॅन्सर किंवा सोरायसिसच्या संदर्भात ऐकलेली असतात. ही औषधे पेशींना डीएनएची नवी प्रत काढू देत नाहीत. त्वचेची पेशी अशा वेळी नुसती थांबते, मरते, की वयात येऊन वरच्या थराकडे निघते? जीवशास्त्राचे विद्यार्थी हा प्रश्न विचारतात, तसेच औषध चालू असलेले रुग्णही. दोघांच्याही प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे गैरसमजही जास्त आहेत.

त्वचेची पेशी ‘पक्व’ होते म्हणजे नेमके काय होते?

बाह्यत्वचेचा सर्वांत खालचा थर हा जन्मथर, म्हणजेच तळथर. इथल्या केरॅटिनोसाइट पेशी आधारपटलाला घट्ट धरून बसलेल्या असतात आणि विभाजन मुख्यतः इथेच होते. त्यांच्यात केरॅटिन ५ आणि केरॅटिन १४ ही प्रथिने असतात. पेशीने ही पकड सोडली आणि ती वर सरकू लागली, की ती केरॅटिन १ आणि १० बनवू लागते. ‘ही पेशी मार्गाला लागली’ असे सांगणारी ही पहिली खूण.

त्यानंतर पेशी आकाराने मोठी होते आणि चपटी होत जाते. इन्व्होल्युक्रिन तयार होते, पुढे कणमय थरात लोरिक्रिन आणि फिलॅग्रिन येतात. ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर या प्रथिनांना एकमेकांत असे सांधते, की पेशीच्या आवरणाच्या आत एक चिवट कवच तयार होते. शेवटी केंद्रक विरघळते आणि उरते ती सर्वांत वरच्या शृंगी थरातली चपटी, निर्जीव, पाणी अडवणारी पापडी. तळापासून गळून पडेपर्यंतचा हा प्रवास साधारण महिना-दीड महिन्याचा असतो.

या पेशीच्या बाबतीत मरण हा अपघात नाही, तीच पक्वतेची शेवटची पायरी आहे. म्हणूनच औषधाने पेशी ‘मेली’ आणि औषधाने पेशी ‘पक्व झाली’ यांत गल्लत होते. पक्वतेत मरण ठरलेल्या क्रमाने येते आणि मागे कवच ठेवून जाते. औषधाच्या विषारी परिणामाने पेशी मेली तर असे कवच मागे उरत नाही.

ही औषधे नेमकी कुठे अडवतात?

विभाजनापूर्वी पेशीला सुमारे ६०० कोटी बेस-जोड्यांची नक्कल करावी लागते. या टप्प्याला एस-टप्पा म्हणतात आणि तो साधारण ८ ते १० तास चालतो. त्यासाठी कच्चा माल लागतो, नक्कल करणारे यंत्र लागते आणि ज्यावरून नक्कल करायची तो मूळ धागा धड असावा लागतो. या तिन्हींपैकी कुठेही अडथळा आणता येतो.

मेथोट्रेक्सेट डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या विकराला बांधून टाकते. मग फोलेटचे कामाचे रूप तयार होत नाही आणि थायमिडिलेट, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकाचा कच्चा माल, आटतो. प्युरीनचा पुरवठाही कमी होतो. फ्लोरोयुरॅसिल थायमिडिलेट बनवणाऱ्या विकरालाच जखडते, शिवाय आरएनएमध्येही घुसते. हायड्रॉक्सीयुरिया रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजला रोखते, त्यामुळे चारही अक्षरांचा साठा एकदमच ढळतो. सायटारॅबिन आणि प्रयोगशाळेत वापरले जाणारे ॲफिडिकोलिन थेट नक्कल करणाऱ्या पॉलिमरेजवर घाव घालतात. मायटोमायसिन डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांत टाचून टाकते, त्यामुळे ते उलगडतच नाहीत.

विभाजन थांबले की पेशी आपोआप पक्व होते, बरोबर?

नाही. पाठ्यपुस्तकांत ‘पेशी आधी विभाजन थांबवते आणि मग पक्व होते’ असे एका ओळीत लिहिलेले असते. त्यावरून पहिली गोष्ट दुसरीचे कारण आहे असे वाटते, पण तसे पुरावे नाहीत.

पहिला पुरावा टीजीएफ-बीटा या वाढ-नियंत्रक प्रथिनाचा. मानवी केरॅटिनोसाइटवर ते टाकले की विभाजन थांबते, पण पेशी पक्व होत नाहीत. ते काढून घेतले की त्या पुन्हा विभाजू लागतात. हे १९८६ सालीच दाखवले गेले. म्हणजे पेशी एस-टप्प्याच्या आधीच्या मुक्कामावर खुशाल विसावू शकते, वयात न येता. खऱ्या त्वचेतही तळथरातल्या बऱ्याच पेशी कोणत्याही क्षणी विभाजत नसतात, आणि म्हणून त्या काही लगेच वर निघत नाहीत.

दुसरा पुरावा याच्या उलट बाजूचा आहे. इन्व्होल्युक्रिन बनवू लागलेल्या काही पेशी त्याच वेळी डीएनएची नक्कलही करत असतात, हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत (संवर्धनात) दिसले आहे. उंदराच्या जिवंत त्वचेचे निरीक्षण करणाऱ्या २०२२च्या एका अभ्यासातही पेशी विभाजनाची क्षमता शाबूत असतानाच पक्वतेच्या वाटेवर चालू लागलेल्या आढळल्या.

तेव्हा थांबणे आणि पक्व होणे ही दोन वेगळी बटणे आहेत. त्यांच्यात तारा जोडलेल्या आहेत, पण ती एक नाहीत.

मग डीएनए संश्लेषण रोखणाऱ्या औषधांनी केरॅटिनोसाइट पक्व होतात, असे का आढळते?

कारण पेशी *कुठे* थांबली याला महत्त्व आहे. टीजीएफ-बीटा पेशीला नक्कल सुरू होण्याआधी थांबवते. ही औषधे तिला नक्कल चालू असताना अडवतात. अर्धी प्रत निघालेली, अर्धी अडकलेली. मागे जाता येत नाही, पुढे विभाजताही येत नाही. पेशीशास्त्रात याला नक्कलीचा ताण म्हणतात, आणि केरॅटिनोसाइट या ताणाला फार वैशिष्ट्यपूर्ण उत्तर देतात.

मेथोट्रेक्सेट मानवी केरॅटिनोसाइटला पक्वतेकडे ढकलते, हे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी मांडले. पुढे २०१२मध्ये सायक्लिन-ई या पेशीचक्राला रेटणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वाढवून पाहिले गेले. अपेक्षा अशी की पेशी बेसुमार विभाजतील. प्रत्यक्षात त्या मोठ्या झाल्या आणि पक्व होऊ लागल्या. २०१४मध्ये तर पी-५३ हे डीएनएचे राखणदार प्रथिनच निकामी केले गेले. राखणदार गेला म्हणजे अराजक, असे आपण धरून चालतो. पण तिथेही नक्कलीचा ताण साचला, पेशी सूत्रीविभाजन पूर्ण न करताच त्यातून निसटल्या, आणि पक्व होऊन गळून गेल्या. या विषयातला सर्वांत विलक्षण निष्कर्ष मला हाच वाटतो.

दुसरा धागा आकाराचा आहे. डीएनएची नक्कल थांबली तरी आरएनए आणि प्रथिनांचे उत्पादन लगेच थांबत नाही. केंद्रक अडकलेले आणि पेशीद्रव वाढत चाललेले, अशी विषम वाढ होते. ब-१२ किंवा फोलेट कमी पडले की अस्थिमज्जेत अवाढव्य, अपक्व केंद्रकाच्या पेशी दिसतात, त्या याच कारणाने. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांच्या लाल पेशी मोठ्या होतात, तेही यामुळेच. त्वचेच्या पेशीला तर मोठे होणे हे वर जाण्याच्या प्रवासाचाच भाग असल्याने हा अडथळा तिला तिच्या नेहमीच्या वाटेवरच नेऊन सोडतो.

पेशीला याचा फायदा काय?

एकट्या पेशीला काहीच नाही, फायदा त्वचेचा आहे. त्वचेवर आयुष्यभर अतिनील किरण पडतात आणि तळथरातल्या पेशींचा डीएनए सतत दुखावतो. अशी बिघडलेली पेशी जागेवर राहून विभाजत राहिली तर धोका असतो. तिला जागीच मारून टाकावे तर आवरणात भोक पडते. पण तिला वरच्या थराकडे पाठवले, तर ती जाता जाता कवचाचे कामही करते आणि महिनाभरात गळूनही जाते. बिघडलेली पेशी कामाला लावून निरोप देण्याची ही सोय सतत उलाढाल असलेल्या आवरणालाच परवडते. मेंदूच्या किंवा हृदयाच्या पेशीला हा मार्ग उपलब्ध नाही.

मात्रा कमी-जास्त केली तर परिणाम बदलतो का?

पूर्णपणे बदलतो. थोडी मात्रा, थोडा वेळ : पेशी थांबते आणि औषध धुऊन टाकले की चक्र पुढे सुरू करते. हायड्रॉक्सीयुरिया आणि ॲफिडिकोलिन याच कारणाने पेशींना एकाच टप्प्यावर आणून एकत्र सोडण्यासाठी वापरले जातात. अडथळा लांबला की परतीचा रस्ता बंद होतो आणि पक्वतेची प्रथिने वाढू लागतात. मात्रा खूप चढली की पेशी पक्व होण्याचीही वाट पाहत नाही, सरळ मरते. त्यामुळे ‘अमुक औषध पक्वता घडवते’ हे वाक्य मात्रा आणि वेळ सांगितल्याशिवाय अपुरे असते.

प्रयोगशाळेत हे मोजतात कसे? निष्कर्षांवर किती विश्वास ठेवावा?

मानवी केरॅटिनोसाइट मोठ्या प्रमाणावर वाढवणे १९७५ साली राइनवॉल्ड आणि ग्रीन यांच्या पद्धतीने शक्य झाले. त्यांनी त्या पेशी उंदराच्या ३टी३ पेशींच्या आधाराने वाढवल्या. या आधारपेशी स्वतः विभाजू नयेत म्हणून त्यांना किरणोत्सर्ग किंवा मायटोमायसिन देतात. इथे जरा थांबून पाहा : मायटोमायसिन खाल्लेल्या ३टी३ पेशी थांबतात, पण त्यांचे काही शृंगी कवच होत नाही. त्या संयोजी ऊतीच्या पेशी आहेत, त्यांच्यात तो कार्यक्रमच नाही. म्हणजे औषध फक्त अडथळा आणते. अडथळ्यानंतर काय करायचे हे पेशीच्या घडणीत आधीच लिहिलेले असते.

पक्वता मोजण्यासाठी इन्व्होल्युक्रिन, केरॅटिन १० यांना चिकटणारी प्रतिपिंडे वापरतात. दुसरी जुनी पण भक्कम चाचणी म्हणजे पेशी डिटर्जंट आणि क्षपणकारक द्रव्यात उकळायच्या. कच्च्या पेशी विरघळतात, सांधलेली कवचे तशीच राहतात, ती मोजायची. संवर्धनात कॅल्शियमची पातळी हेही मोठे बटण आहे : कमी कॅल्शियममध्ये पेशी तळथरासारख्या राहतात, वाढवले की पक्व होऊ लागतात. त्यामुळे औषधाच्या प्रयोगात कॅल्शियम किती होते हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष वाचू नये.

आता दोन सापळे, जे नवख्या विद्यार्थ्याला हमखास गाठतात.

पहिला टक्केवारीचा. समजा १००० पेशींपैकी १०० इन्व्होल्युक्रिन दाखवणाऱ्या आहेत, म्हणजे १० टक्के. औषधाने विभाजणाऱ्या ५०० कच्च्या पेशी मेल्या. आता उरलेल्या ५०० मध्ये त्याच १०० आहेत, म्हणजे २० टक्के. प्रमाण दुप्पट झाले, पण एकही नवी पेशी पक्व झालेली नाही. म्हणून प्रत्यक्ष संख्या मोजावीच लागते.

दुसरा सापळा मेथोट्रेक्सेटपुरता. डीएनए संश्लेषण मोजायला खूण केलेले थायमिडीन देतात आणि ते किती शोषले गेले ते पाहतात. मेथोट्रेक्सेटमुळे पेशीचे स्वतःचे थायमिडिलेट आटलेले असते, म्हणून ती बाहेरचे थायमिडीन अधाशासारखी उचलते. नक्कल मंदावलेली असतानाही खूण वाढलेली दिसू शकते! अशा वेळी खूण केलेले डिऑक्सियुरिडीन वापरणे योग्य, कारण त्याचे थायमिडिलेट होण्याची पायरीच या औषधाने अडलेली असते. माध्यमात थायमिडीन भरपूर असेल तर औषधाचा परिणाम बराचसा पुसलाही जातो.

सोरायसिसमध्ये मेथोट्रेक्सेट याच मार्गाने गुण देते का?

बरीच वर्षे तसेच मानले जात होते. १९५१ साली गब्नर आणि सहकाऱ्यांना संधिवातासाठी ॲमिनोप्टेरिन हे मेथोट्रेक्सेटच्याच जातीचे औषध देताना सोरायसिसचे चट्टे ओसरलेले दिसले. १९५८च्या सुमारास त्याची जागा मेथोट्रेक्सेट घेऊ लागले. सोरायसिसमध्ये तळथर झपाट्याने विभाजतो, महिन्याभराचा प्रवास काही दिवसांत उरकतो, कणमय थर नाहीसा होतो आणि शृंगी थरातल्या पेशींत केंद्रक तसेच राहते. तेव्हा ‘औषध विभाजन मंदावते, पेशीला पक्व व्हायला वेळ मिळतो’ हे स्पष्टीकरण अगदी चपखल बसत होते.

नंतर दोन गोष्टी आड आल्या. रोगप्रतिकार यंत्रणेतल्या लसिका पेशी मेथोट्रेक्सेटला केरॅटिनोसाइटपेक्षा कितीतरी जास्त संवेदनशील असतात, असे दिसून आले. आणि आठवड्याला दिल्या जाणाऱ्या कमी मात्रेत हे औषध ॲडेनोसिनचे प्रमाण वाढवून दाह शमवते, हा मार्गही पुढे आला.

मला निर्णायक वाटतो तो मात्र तिसराच मुद्दा. इंटरल्युकिन-१७ किंवा २३ या दाह पेटवणाऱ्या प्रथिनांना रोखणारी प्रतिपिंड औषधे डीएनएच्या नकलेला स्पर्शही करत नाहीत. तरीही त्यांनी चट्टा बरा झाला की कणमय थर परत येतो, पेशी केंद्रक टाकू लागतात. म्हणून मेथोट्रेक्सेटने पक्वता सुधारलेली दिसली, तरी ती पेशीवरच्या थेट परिणामानेच सुधारली असे ठरत नाही. दाह शमला की त्वचा आपले काम स्वतः नीट करते. थेट परिणामाचा काही वाटा असू शकतो. मुख्य वाटा रोगप्रतिकार यंत्रणेमार्फतचा आहे असेच मी धरतो.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच का? रोज थोडे थोडे चालणार नाही का?

चालणार नाही. त्वचारोग आणि संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. मधल्या दिवसांत अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर आणि त्वचा यांना सावरायला वेळ मिळतो. फॉलिक ॲसिड यासाठीच जोडीला देतात, ते डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच घ्यावे. मूत्रपिंडे कमजोर असतील तर औषध शरीरात साचते.

तोंडात फोड आले, सोरायसिसच्या चट्ट्यांवर अचानक दुखऱ्या जखमा झाल्या, ताप आला किंवा सहज खरचटल्यासारखे रक्ताचे डाग उठू लागले, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. चट्ट्यांवरच्या जखमा हे कित्येकदा रक्तपेशी घटण्याआधीचे पहिले लक्षण असते, कारण वेगाने विभाजणारी त्वचा आधी कोलमडते.

केमोथेरपीत त्वचेची बायोप्सी घेतली तर ‘पक्वता विस्कळीत’ असे लिहून येते. म्हणजे कॅन्सर पसरला का?

बहुधा नाही. हा शेरा वाचून घरचे घाबरतात, म्हणून सविस्तर सांगतो. केमोथेरपीच्या मोठ्या मात्रांनी तळथरातल्या पेशींची रांग मोडते, केंद्रके मोठी आणि ओबडधोबड दिसतात, काही पेशी एकेकट्या मरून पडलेल्या असतात. वर जाणाऱ्या पेशी ठरलेल्या क्रमाने चपट्या होत नाहीत. नक्कल अडकल्याची ही खूण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ती कधी कधी कॅन्सरपूर्व बदलासारखी भासते, म्हणून तपासणाऱ्याला कोणते औषध कधी दिले हे सांगणे फार गरजेचे असते. औषध थांबल्यावर चित्र निवळते.

तळहात-तळपाय लाल होऊन दुखणे, सोलणे हे फ्लोरोयुरॅसिल, त्याचेच तोंडाने घ्यायचे रूप कॅपेसिटाबिन आणि सायटारॅबिन यांच्यात दिसते. हायड्रॉक्सीयुरिया वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत त्वचा कोरडी पडणे, नखे काळपट होणे आणि घोट्याजवळ न भरणारी जखम होणे हे ओळखीचे परिणाम आहेत. अशी जखम बहुतेकदा औषध थांबवल्यावरच भरते.

केस आणि नखांचे काय?

केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगवान विभाजणाऱ्या पेशींपैकी. तिथे नक्कल अडली की केसाचा दांडा बारीक होऊन तुटतो. म्हणून गळती औषधानंतर २ ते ३ आठवड्यांत सुरू होते. नखाच्या मुळाशी वाढ काही दिवस खुंटली की नखावर आडवी खाच उमटते. बोटाचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, त्यामुळे खाच मुळापासून किती दूर आहे यावरून औषधाची तारीखही काढता येते.

फ्लोरोयुरॅसिलचे मलम लावल्यावर त्वचा आणखी बिघडलेली का दिसते?

उन्हाने झालेल्या कॅन्सरपूर्व चट्ट्यांसाठी हे मलम साधारण २ ते ४ आठवडे लावतात. लालसरपणा, आग, खपल्या, ओरखडे हे सगळे अपेक्षितच असते. बिघडलेल्या, सतत विभाजणाऱ्या पेशी नक्कल करताना अडकून नष्ट होतात आणि त्या जागी दाह उठतो. नंतर आजूबाजूच्या आणि केसांच्या मुळांतल्या निरोगी पेशी सरकत येऊन जागा भरतात. अनेकांना आधी न दिसलेले डागही या काळात लाल होऊन उठतात. उपचार नवा त्रास निर्माण करतोय असे वाटते, पण ते डाग आधीपासूनच तिथे असतात.

रेटिनॉइड आणि ड जीवनसत्त्वाची मलमेही पक्वता बदलतात. ती याच गटातली का?

नाहीत. ती पेशीच्या केंद्रकातल्या ग्राहकांना जोडली जाऊन कोणती जनुके चालू आणि कोणती बंद हे बदलतात. ड जीवनसत्त्वाच्या गटातले कॅल्सिपोट्रायॉल विभाजन मंदावते आणि पक्वतेला चालना देते, पण डीएनएची नक्कल मध्येच अडकवत नाही.

या औषधांनी त्वचेच्या मूळ पेशी (स्टेम सेल) संपून त्वचा कायमची पातळ होईल का?

नेहमीच्या मात्रांत तशी भीती नसते. ही औषधे नक्कल चालू असलेल्या पेशीलाच गाठतात. मूळ पेशींपैकी बऱ्याच, विशेषतः केसांच्या मुळाशेजारच्या, बराच काळ निवांत असतात. अडथळा येतो आणि जातो, तेव्हा त्या झोपेतच असतात. म्हणूनच केमोथेरपीनंतर बहुतेकांचे केस परत येतात, आणि फ्लोरोयुरॅसिलने सोलून निघालेल्या जागी काही आठवड्यांत नवी त्वचा धरते.